ई-पुस्तके : स्वामित्वहक्क, देवाणघेवाण आणि न्याय्य किंमत – एक चिकित्सा

प्रस्तावना

लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने १९३६ च्या परिषदेचे अध्यक्षपद डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना देऊ केले होते. परंतु नियोजित भाषणातील विचार मंडळाला मानवले नाहीत आणि परिषद रद्द झाली. बाबासाहेबांनी ते भाषण 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या नावाने स्वखर्चाने छापले आणि त्याची किंमत आठ आणे ठेवली. जुलै १९३६ मध्ये 'हरिजन'मधून या भाषणाचा परामर्श घेताना महात्मा गांधींनी आशयाकडे वळण्यापूर्वी किमतीचा मुद्दा काढला. ती दोन आणे, निदान चार आणे करावी, असे त्यांनी सुचविले. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी नोंदविले आहे की, पहिल्या आवृत्तीच्या पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या.

या वादातील वैचारिक भागावर विपुल लेखन झाले आहे. किमतीचा भाग मात्र तपशील म्हणून बाजूला राहिला. वास्तविक ई-पुस्तकांच्या संदर्भात आज जे नैतिक प्रश्न विचारले जातात, त्यांचे बीज याच तपशिलात आहे. पुस्तक स्वस्त असावे, याबद्दल दुमत नाही. ते स्वस्त करण्याचा भार कोणी उचलावा, हा खरा प्रश्न आहे. मराठी ई-पुस्तकांसंबंधीच्या चर्चेत हा दुसरा प्रश्न टाळला जातो आणि त्यामुळे एका बाजूला 'चोरी' व दुसऱ्या बाजूला 'ज्ञानदान' अशा दोन टोकाच्या शब्दांत ती अडकून पडते. स्वामित्वहक्काबरोबर पुस्तक उपलब्ध ठेवण्याचे उत्तरदायित्वही येते, आणि हक्क संपल्यावर ते उत्तरदायित्व समाजाकडे येते, अशी भूमिका प्रस्तुत लेखात मांडली आहे.

१. हक्क सोडणे आणि हक्क राखणे

गांधीजींची सूचना त्यांच्या आचरणाशी विसंगत नव्हती. १९१० साली फिनिक्स येथून निघालेल्या 'हिंद स्वराज'च्या इंग्रजी आवृत्तीवर, कोणतेही हक्क राखून ठेवलेले नाहीत, अशी नोंद होती. पुढे त्यांच्या लेखनाचे हक्क नवजीवन ट्रस्टकडे आले. ते २००८ च्या अखेरीस संपले. म्हणजेच हक्क सोडून देणे आणि हक्क एखाद्या संस्थेच्या हाती ठेवून अल्प किमतीत पुस्तके देणे, हे दोन्ही मार्ग गांधीजींच्या लेखनाच्या बाबतीत अनुसरले गेले.

परंतु या दोन्ही मार्गांमागे छापखाना, नियतकालिक आणि कार्यकर्त्यांचे जाळे होते, हे लक्षात घेणे अगत्याचे आहे. बाबासाहेबांचे भाषण मात्र निमंत्रक संस्थेने माघार घेतल्यावर स्वतःच्या खिशातून छापावे लागले. संस्थेचा आधार असलेल्या लेखकाला दोन आणे ही किंमत तत्त्वाची वाटू शकते. आधार नसलेल्या लेखकाच्या बाबतीत आठ आणे ही पुढील आवृत्ती काढता येण्याची अट असू शकते. त्यामुळे 'किंमत कमी करा' हे आवाहन करताना, कमी झालेली रक्कम कोणाच्या हिश्श्यातून जाणार, हे सांगणे आवश्यक ठरते. पीडीएफ विनामूल्य फिरविणाऱ्या आजच्या वाचकालाही हाच प्रश्न लागू होतो.

लेखकाने आपण होऊन पुस्तक विनामूल्य देणे ही वेगळी गोष्ट आहे. स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ च्या कलम २१ नुसार लेखकाला आपला हक्क सोडता येतो. ई-साहित्य प्रतिष्ठानासारख्या उपक्रमातून अनेक मराठी लेखकांनी संमतीने आपली पुस्तके विनामूल्य वाचकांपर्यंत पोहोचविली आहेत. दान देण्याचा अधिकार ज्याचे धन आहे त्याला असतो; दुसऱ्याच्या धनाचे दान करणाऱ्याला दाता म्हणता येत नाही. संमती हा येथे निर्णायक निकष ठरतो.

२. मुदत आणि प्रत्यक्ष उपलब्धता

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या साहित्याचे हक्क १९९१ अखेर संपत असताना ती दहा वर्षांनी वाढविण्यात आली. एका लेखकाच्या निमित्ताने झालेला हा बदल सर्व भाषांतील सर्व लेखकांना लागू झाला. साने गुरुजींचे साहित्य त्यामुळे २००१ ऐवजी १ जानेवारी २०११ रोजी मुक्त झाले. डॉ. आंबेडकर आणि बा. सी. मर्ढेकर या दोघांचेही निधन १९५६ मधले. त्यांचे साहित्य १ जानेवारी २०१७ पासून मुक्त आहे. आचार्य अत्रे आणि अण्णा भाऊ साठे यांच्या लेखनावरील हक्क २०२९ अखेरपर्यंत, तर वि. स. खांडेकरांच्या लेखनावरील हक्क २०३६ अखेरपर्यंत चालतील.

कायद्याने मुक्त झालेले पुस्तक वाचकाच्या हाती आपोआप येत नाही. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांचे समग्र लेखन व भाषणे खंडरूपाने प्रसिद्ध केली. तरीही या खंडांचे मुद्रण रखडल्याच्या वृत्ताची मुंबई उच्च न्यायालयाला २०२१ साली स्वतःहून दखल घ्यावी लागली. हक्काची मुदत संपून तेव्हा जवळजवळ पाच वर्षे झाली होती. अडथळा कायद्याचा नव्हता. कागद, मुद्रण आणि वितरण यांची जबाबदारी कोणाची, हा होता.

मुळशी तालुक्यातील रिहे गावातील एखाद्या विद्यार्थ्याचे उदाहरण घेतल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. याच तालुक्यात हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञान उद्यान आहे आणि याच तालुक्यात १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशी सत्याग्रह झाला. आपल्या तालुक्याचा हा इतिहास वाचू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यासमोर सेनापती बापट यांचे लेखन येते. त्यावरील हक्क २०२७ अखेरपर्यंत आहेत. राजेंद्र व्होरा यांचे या सत्याग्रहावरील इंग्रजी पुस्तक २००९ साली प्रसिद्ध झाले. त्यावरील हक्क अजून कित्येक दशके राहील. अशा ग्रंथांसाठी विद्यार्थ्याला पुण्यातील अप्पा बळवंत चौक किंवा एखादे मोठे ग्रंथालय गाठावे लागते. ई-पुस्तकाने हे अंतर पुसून टाकावे, अशी अपेक्षा होती. हक्क शाबूत आहे, पण सुलभ किमतीची अधिकृत ई-आवृत्ती नाही, अशी स्थिती जेथे असेल, तेथे विद्यार्थी मोबाइलवर आलेल्या पीडीएफकडे वळतो. त्याच्या कृतीचे समर्थन करता येत नाही. परंतु सगळा दोष त्याच्या माथी मारणेही न्याय्य नाही.

३. देवाणघेवाण : वर्ग आणि व्हॉट्सॲप गट

महाविद्यालयीन अध्यापकांचा या प्रश्नाशी थेट संबंध येतो. दिल्ली विद्यापीठातील रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसेस प्रकरणात ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी अभ्यासक्रमासाठी केलेल्या छायाप्रतींच्या संचांना आक्षेप घेतला होता. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हा दावा फेटाळला. डिसेंबर २०१६ मध्ये खंडपीठाने अध्यापनाच्या कामासाठी केलेल्या वापराला कलम ५२ खाली मुभा असल्याचे मान्य केले आणि शैक्षणिक हेतूने समर्थनीय ठरेल इतका भाग, हा निकष सांगितला.

या निकालाचा आधार घेऊन संपूर्ण पुस्तकाची पीडीएफ वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर पाठविणे योग्य ठरविले जाते. ही मांडणी तपासून पाहावी लागेल. प्रकरणातील वाद निवडक भागांच्या संचांविषयी होता. कोणता भाग कोणत्या घटकासाठी लागतो, याचा विचार अध्यापकाने केला आहे, हे त्यात गृहीत होते. संपूर्ण पुस्तक पुढे पाठविताना असा विचार झालेला नसतो. शिवाय, छायाप्रतींचा संच एका वर्गापुरता मर्यादित राहतो. पीडीएफला अशी सीमा नसते. पाचशे प्रतींची आवृत्ती निघणाऱ्या मराठी समीक्षाग्रंथाच्या बाबतीत एक पीडीएफ संपूर्ण आवृत्तीची जागा घेऊ शकते. ज्या ग्रंथांचा वाचक प्राधान्याने अध्यापक आणि विद्यार्थी हाच आहे, त्यांचे नुकसानही त्याच वर्गाकडून होते.

प्रकाशकांची भूमिकाही चिकित्सेतून सुटू नये. 'चोरी' हा शब्द वापरताना, वस्तू चोरीला गेल्यावर मालकाकडे राहत नाही आणि पीडीएफची प्रत काढल्यावर मूळ प्रत जागेवर राहते, हा फरक पुसला जातो. हानी होते ती संभाव्य उत्पन्नाची. जे पुस्तक अनेक वर्षे अनुपलब्ध आहे आणि ज्याची नवी आवृत्ती काढण्याचा विचारही नाही, त्याच्या बाबतीत ही हानी फारच थोडी असते. हक्काचा मालक मृत वा अज्ञात असेल, किंवा त्याचा शोध लागत नसेल, तर कलम ३१-अ खाली परवाना मागता येतो. परंतु छोट्या महाविद्यालयाने एका जुन्या ग्रंथासाठी न्यायालयापर्यंत जावे, ही अपेक्षा व्यवहार्य नाही.

करारांचा प्रश्नही याला जोडलेला आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कलम १८ मध्ये असे स्पष्ट केले की, करार होताना जे माध्यम अस्तित्वात नव्हते किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्याचा करारात स्पष्ट उल्लेख नसल्यास त्या माध्यमाचे हक्क हस्तांतरित होत नाहीत. या तत्त्वाने पाहिल्यास, जुन्या करारांवर छापलेल्या अनेक मराठी पुस्तकांचे ई-हक्क प्रकाशकाकडे नसून लेखकाकडे वा वारसांकडे असण्याची शक्यता आहे. वारस अनेक आणि विखुरलेले, प्रकाशक साशंक, अशा अवस्थेत अधिकृत ई-आवृत्ती निघत नाही व अनधिकृत आवृत्तीला मैदान मोकळे मिळते.

४. न्याय्य किमतीचा निकष

ई-पुस्तकाला कागद आणि छपाईचा खर्च नसतो, म्हणून ते जवळजवळ फुकट असावे, असा सर्वसामान्य समज आहे. लेखन, संपादन, मुद्रितशोधन, अक्षरजुळणी आणि मुखपृष्ठ हे खर्च मात्र कायम राहतात. दुसरीकडे, छपाई, साठवण, वाहतूक आणि न खपलेल्या प्रती यांवरील खर्च वाचत असतानाही छापील पुस्तकाइतकीच किंमत ठेवणे हेही असमर्थनीय आहे.

यासाठी लेखकाची प्रत्यक्ष प्राप्ती हा निकष मानणे इष्ट ठरेल. समजा, तीनशे रुपयांच्या छापील पुस्तकावर लेखकाला दहा टक्के म्हणजे तीस रुपये रॉयल्टी मिळते. ई-पुस्तकाची किंमत एकशे वीस रुपये ठेवून लेखकाला पंचवीस टक्के दिले, तरी त्याची प्राप्ती तीस रुपयेच राहते आणि वाचकाचे एकशे ऐंशी रुपये वाचतात. परंतु किंमत एकशे वीस आणि रॉयल्टी मात्र पूर्वीचीच दहा टक्के, असा व्यवहार झाल्यास लेखकाला बारा रुपये मिळतील. म्हणजे वाचकाला दिलेली सवलत अंशतः लेखकाने सोसली, असा त्याचा अर्थ होईल. १९३६ मधील आठ आण्यांचा प्रश्न येथे नव्या रूपात पुढे येतो.

करधोरणही या संदर्भात विसंगत राहिले आहे. छापील पुस्तके वस्तू व सेवा करातून मुक्त ठेवली गेली. ई-पुस्तकांवर मात्र आरंभी १८ टक्के कर होता. जुलै २०१८ मध्ये तो ५ टक्क्यांवर आणला गेला, तोही छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकांपुरता. केवळ ई-रूपात निघणारे पुस्तक या सवलतीबाहेर राहिले. एकच मजकूर कागदावर ज्ञान आणि पडद्यावर सेवा कसा ठरतो, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही.

५. विक्री की परवाना?

छापील पुस्तक विकत घेणारा ते मित्राला देऊ शकतो, ग्रंथालयाला भेट देऊ शकतो, रद्दीच्या दुकानात विकू शकतो. व्यापारी मंचांवरील बहुतेक ई-पुस्तकांच्या बाबतीत वाचकाला केवळ परवाना मिळतो. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांच्या दोन कादंबऱ्या ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतल्या. त्यांतील एक '१९८४' होती. पैसे परत दिले गेले, परंतु वाचकाच्या मालकीचे स्वरूप त्या प्रसंगाने उघड झाले. खरेदीच्या भाषेत किंमत घ्यायची आणि अधिकार मात्र भाड्याचे द्यायचे, हा व्यवहार न्याय्य किमतीच्या चर्चेत विचारात घेतला पाहिजे.

याचा सर्वाधिक फटका ग्रंथालयांना बसतो. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ ने गावोगावच्या ग्रंथालयांना आधार दिला, तो छापील पुस्तक गृहीत धरून. एन-लिस्ट योजनेद्वारे महाविद्यालयांना ई-ग्रंथ मिळतात, पण त्यांत इंग्रजी ग्रंथांचा भरणा आहे. अमेरिकेत इंटरनेट आर्काइव्हने छापील प्रत स्कॅन करून एका वेळी एका वाचकाला देण्याची पद्धत अवलंबिली होती. सप्टेंबर २०२४ मध्ये तेथील अपील न्यायालयानेही ती अमान्य केली. प्रकाशकांशी वाटाघाटी करून घेतलेला ग्रंथालय-परवाना हाच मार्ग मग उरतो. एका प्रतीची रक्कम, एका वेळी एक वाचक आणि मुदतीनंतर परत, या अटींवर मराठी ई-पुस्तके ग्रंथालयांना मिळाली, तर रिहे येथील विद्यार्थ्याला विनामूल्य वाचन मिळेल आणि लेखकाला त्याचा वाटाही मिळेल. छापील पुस्तकाच्या काळात हा समतोल ग्रंथालयांनीच सांभाळला होता.

समारोप

उपरोक्त विवेचनातून असे म्हणता येईल की, ई-पुस्तकाची नैतिकता केवळ वाचकाच्या सचोटीवर अवलंबून नाही. हक्क राखणाऱ्याने पुस्तक परवडणाऱ्या किमतीत उपलब्ध ठेवावे. कमी किमतीचा भार लेखकावर ढकलू नये. आणि विकलेल्या पुस्तकाबरोबर ते दुसऱ्याला देण्याचा काही अधिकार वाचकाला द्यावा. या अटी पाळल्या जात असताना पीडीएफ पुढे पाठविणे हे निखालस अन्याय्य होय. त्या पाळल्या जात नसतील, तर दोषाची वाटणी होते, परंतु लेखकाचा हक्क रद्द होत नाही.

महाविद्यालयांना या बाबतीत स्वतंत्र कार्य करता येईल. मुक्त झालेल्या मराठी ग्रंथांच्या शुद्ध, शोधसुलभ आणि युनिकोडमधील प्रती तयार करणे हे मराठी विभागांचे काम होऊ शकते. वर्गात संपूर्ण पुस्तकाऐवजी आवश्यक तेवढा भाग देण्याची शिस्त अध्यापकांना पाळता येईल, आणि स्वतःचे ग्रंथ प्रसिद्ध करताना करारात ई-हक्क, रॉयल्टीचे प्रमाण व ग्रंथालय-परवाना यांचा स्पष्ट उल्लेख करून घेता येईल. आठ आणे की दोन आणे, या प्रश्नाचे उत्तर एकट्या लेखकाकडे मागणे १९३६ मध्येही अपुरे होते. फरकाचे सहा आणे कोण भरणार, हे प्रकाशक, ग्रंथालय, शासन आणि महाविद्यालय यांनी मिळून ठरविल्याखेरीज ई-पुस्तकाच्या किमतीचा प्रश्न सुटणार नाही.