फड भरतो, हौद ओस

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात कुस्तीचा विषय निघाला की पन्नाशीपुढचा माणूस हमखास म्हणतो, "कुस्ती संपली." मला हे पटत नाही. यात्रांच्या दिवसांत निपाणी, चिक्कोडी, खानापूर, बेळगाव या तालुक्यांत मैदानं लागतच असतात. बेळगावच्या आनंदवाडी आखाड्यात मोठी जोड असली की आत शिरायला वाट मिळत नाही. हलगी घुमते, निवेदक घसा फोडतो, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण चालतं. गर्दीवरून ठरवायचं तर कुस्तीला काहीही झालेलं नाही. गावच्या तालमीच्या हौदात पहाटे किती पोरं माती उकरतात, असं विचारलं की मात्र बोलणाऱ्यांचे आवाज खाली येतात.

मैदान भरणं आणि तालीम ओस पडणं या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि पहिलीने दुसरीला हातभार लावला आहे, असं माझं मत आहे.

मैदानाचा बॅनर बघा. एक नंबरची कुस्ती पंजाब-हरियाणाच्या, कधी थेट इराणच्या पैलवानाची. दोन आणि तीन नंबरला कोल्हापूर-पुण्याच्या तालमींतले नावाजलेले गडी. त्याखाली बारीक अक्षरांत 'इतर चटकदार कुस्त्या'. पंचक्रोशीतला पोरगा या शेवटच्या ओळीत असतो. उन्हं डोक्यावर असताना, खुर्च्या भरायच्या आत त्याची कुस्ती उरकते आणि हातात पडलेल्या इनामात आठवड्याचे बदामही येत नाहीत. कमिटीचंही अगदीच चूक नाही. मोठं नाव नसेल तर वर्गणी जमत नाही, पुढारी फेटा बांधून घ्यायला येत नाही. (बॅनरवर पैलवानांपेक्षा पुढाऱ्यांचे फोटो मोठे असतात, हे वेगळं सांगायला नको.) पण या हिशेबात गावाने कुस्ती घडवणं सोडलं आणि एका दिवसापुरती विकत आणायला सुरुवात केली.

हाच मुलूख एके काळी पैलवान बाहेर पाठवत होता. पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे हे चिक्कोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे. १९५९ साली दिल्लीत पंजाबच्या बंतासिंगला हरवून त्यांनी गदा आणली. तीन वर्षांपूर्वीच, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत, त्यांचं गाव म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक, राज्यात गेलं होतं. तालीम मात्र कोल्हापूरच्या शाहूपुरीत. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं केलं तेव्हापासून इथल्या पैलवानाची पंढरी कोल्हापूरच राहिली आहे. नकाशावर रेघ ओढली म्हणून ती बदलली नाही.

रेघेचा त्रास झाला तो पुढे. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर. पण १९६१ पासून चालत आलेली महाराष्ट्र केसरी जिल्ह्या-जिल्ह्यांच्या संघांतून खेळली जाते आणि बेळगाव जिल्हा त्या यादीत नाही. दसरा केसरीची गदा म्हैसूरला, पाचशे किलोमीटरहून लांब. कोल्हापूरच्या मोतीबाग किंवा गंगावेस तालमीत जोर करणाऱ्या निपाणीच्या पोराने गदा मारली तर तिच्यावर सरकारी नोकरी मिळेल का, हा प्रश्न त्याच्या बापाला कोणत्याही डावापेक्षा जास्त छळतो. खुराकाचा खर्च दोन्ही राज्यांत सारखाच, आशा मात्र अर्धी.

आणि खुराक म्हणजे काय थट्टा नाही. दूध, तूप, बदाम, थंडाई, मटण. पूर्वी दावणीला म्हैस असायची आणि एका भावाला तालमीत सोडून बाकीचे शेत बघायचे. आता जमिनीचे वाटे झाले, दूध सकाळीच डेअरीला जातं आणि पोरगा बारावीनंतर बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत लागतो. व्यायामाची हौस असेल तर संध्याकाळी जिम आहेच. तिथे चार महिन्यांत दंड दिसायला लागतात. तालमीत चार महिन्यांत फक्त कान सुजतो.

जगभर हल्ली मिश्र मार्शल आर्टबद्दलही, म्हणजे एमएमएबद्दल, असाच प्रश्न विचारतात: उतरणीला लागलं का? एमएमएच्या लढती भरवणाऱ्या यूएफसीने २०२५ मध्ये पॅरामाउंटशी सात वर्षांसाठी ७७० कोटी डॉलरचा प्रक्षेपणाचा करार केला, आणि तरी जुने शौकीन म्हणतात की पूर्वीसारखे गडी राहिले नाहीत. तमाशाचा पैसा वाढतो तेव्हा कसब वाढतंच असं नाही, एवढं त्यातून आपल्याला घेता येईल. आपल्याकडे २०१२ साली मुंबईत एमएमएची सुपर फाइट लीग गाजावाजात सुरू झाली, पण तिचा बेळगाव-निपाणीच्या पोरांना पुढे काही उपयोग झाला नाही. एमएमए इथे मोबाइलवर बघायची गोष्ट आहे. कुस्तीचा गडी एमएमएने पळवला, हे म्हणणं उगाच आहे.

कसबाचं बोलायचं तर तक्रार इथेच करायला हवी. ढाक, कलाजंग, मोळी, एकलंगी हे डाव मोठ्या कुस्तीत बघायला मिळणं दुर्मीळ झालं आहे. अर्धा तास खडाखडी, मानेवर हात, पायात पाय नाही, मग पंच गुणांवर सोडवणार. निकालाआधीच पैसे ठरलेले असतील तर पाहुणा पैलवान धोका कशाला पत्करेल? लोक मग नुरा, म्हणजे आधीच ठरवलेली कुस्ती, म्हणून ओरडतात. प्रत्येक वेळी ती नुरा असतेच असं नाही. बऱ्याचदा नुसतं अंग राखणं असतं. कलेला मात्र दोन्हींत फरक पडत नाही. याउलट उन्हातल्या त्या चटकदार कुस्त्यांत घिस्सा बसतो, पट निघतो, दोन मिनिटांत आस्मान दिसतं. दुपारी दोनला जाऊन बसणाऱ्याला अजूनही कुस्ती भेटते.

पदकांचा हिशेबही बघा. कोल्हापूरच्या मातीत घडलेल्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचं कांस्यपदक मिळवलं. महाराष्ट्राला पुढचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक ७२ वर्षांनी मिळालं, तेही कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्निल कुसाळेने, पण नेमबाजीत. दरम्यान कुस्तीची पदकं हरियाणा-दिल्लीकडे गेली. तिकडे मॅट लवकर आली, आपण मातीचा अभिमान बाळगत बसलो. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रातली बॉइज स्पोर्ट्स कंपनी मुलांना मॅटवर पद्धतशीर तयार करते, हल्याळकडच्या मुली लंगोटाच्या काळात कुणी कल्पिली नसेल अशी कुस्ती खेळतात. चांगली कामं आहेत. यांतल्या किती जणांना यात्रेच्या मैदानात मानाची जोड मिळते, ते मात्र बॅनर वाचून कळतं.

म्हणून एखाद्या कमिटीने इनामाच्या रकमेतला निम्मा भाग सीमाभागातल्या, वजनगटाप्रमाणे लावलेल्या जोड्यांना द्यावा, निकाल लावणाऱ्यालाच पूर्ण पैसे मोजावेत, आणि त्यांतल्या दोन कुस्त्या तरी दिवे लागल्यावर घ्याव्यात. गर्दी कमी होईल हे उघड आहे. पहिली दोन-तीन वर्षं तर वर्गणीही जमणार नाही.