दुय्यम पुरावा

फोंडा तालुक्यातील एका देवस्थानाच्या संगीत विद्यालयाचा वार्षिक अहवाल आमच्यासमोर आहे. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा या परीक्षांत उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींची नावे त्यात आहेत. त्यांचे अभिनंदन करावे तेवढे थोडेच. परंतु वार्षिक समारंभात भूपाची बंदिश ठरलेल्या तानांसह निर्दोष गाणारी एक मुलगी, तबलजीने ठेका किंचित संथ करताच गोंधळली, तेही आम्ही ऐकले. दोष तिचा नव्हे. तिला परीक्षेपुरतेच शिकविले होते. न्यायालयाच्या भाषेत प्रमाणपत्र हा दुय्यम पुरावा. मूळ पुरावा गळ्यातच शोधावयाचा.

विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढून सामान्य गृहस्थांच्या मुलांना संगीताचे दार उघडले, हे ऋण आम्ही विसरत नाही. पण गोव्यात त्याआधीही देवळांचे सभामंडप हीच शाळा होती, आणि तेथील गाणे पिढ्यान् पिढ्या कलावंत घराण्यांनी जपले. केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर त्याच परंपरेतून आल्या. त्यांचे गाणे आम्ही मिटक्या मारीत ऐकले. मान मात्र उशिरा दिला.

प्रस्तुत अहवालात त्या घराण्यांविषयी एक ओळही नाही. देणगीदारांच्या नावांना दोन पाने दिली आहेत.