वेग वाढला, पण कशाने?

‘उत्प्रेरक म्हणजे अभिक्रियेत भाग न घेता तिचा वेग वाढवणारा पदार्थ’ ही व्याख्या वर्गात सर्रास सांगितली जाते. तिच्यातील ‘भाग न घेता’ हे शब्द चुकीचे आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कोल्हापूरच्या शिक्षकांना पुरावा गुऱ्हाळातच मिळेल. काहिलीतल्या रसात चुन्याची निवळी घालतात, ती मळी वेगळी व्हावी म्हणून आणि रसाचा आंबटपणा मोडावा म्हणूनही. रस आंबट राहिला तर उकळताना सुक्रोजचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. मग गूळ चिकट राहतो, नीट बसत नाही. येथे आम्लाचा हायड्रोजन आयन दोन शर्करांना जोडणाऱ्या ऑक्सिजनला चिकटतो, बंध सैल होऊन तुटतो, तेथे पाणी जोडले जाते आणि आयन पुन्हा सुटा होतो. म्हणजे त्याने भाग घेतला, फक्त तो खर्च झाला नाही. सामू एकने उतरला की हे आयन दसपट होतात आणि वेगही जवळजवळ दसपट. विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञाने 1850 मध्ये ध्रुवित प्रकाशाच्या साहाय्याने याच अभिक्रियेचा वेग मोजला होता. (गुळाच्या पेठेत राहून हे उदाहरण रसायनाच्या तासाला क्वचितच येते, याचे नवल वाटते.)

श्राव्यातीत ध्वनीला ‘उत्प्रेरक’ म्हणणे तर आम्हाला अधिकच खटकते. ध्वनी हा पदार्थ नव्हे. तो ऊर्जा पुरवतो आणि ती खर्च होते. शिवाय 20 किलोहर्ट्झ ध्वनीची पाण्यातील तरंगलांबी सुमारे साडेसात सेंटिमीटर असते. एवढी लाट रेणूतला बंध थेट कसा तोडणार? काम करतात ते द्रवात निर्माण होणारे सूक्ष्म बुडबुडे. ते मिटताना आत क्षणभर हजारो अंश तापमान होते आणि भोवतीचा द्रव जोराने घुसळला जातो. तेल व पाणी यांसारख्या न मिसळणाऱ्या द्रवांत या घुसळणीचा मोठा उपयोग होतो. मुंबईच्या यूडीसीटीतील पंडित आणि जोशी यांनी 1993 मध्ये तेलांच्या जलविघटनावर बुडबुड्यांचा परिणाम अभ्यासला, तो म्हणूनच योग्य जागी होता. साखरेच्या एकजीव द्रावणात मात्र घुसळण्याजोगे फारसे काही नसते.

‘तासांचे काम मिनिटांत’ असे दावे वाचताना म्हणून दोन प्रश्न विचारावेत: तापमान सारखे ठेवले होते का? आणि तुलना नीट ढवळलेल्या मिश्रणाशी होती, की नुसत्या ठेवून दिलेल्या?

शाळेत हे तपासता येईल. दागिने धुण्याची श्राव्यातीत पेटी हुपरीसारख्या गावी एखाद्या सराफाकडून तासभर मिळू शकेल. दोन परीक्षानळ्यांत साखरेचे द्रावण व सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घ्यावे. (लिंबाचा रस नको, त्यात मुळातच ग्लुकोज असते.) एक नळी पेटीत, दुसरी तेवढ्याच गरम साध्या पाण्यात. पेटीतले पाणी आपोआप तापत जाते, तेव्हा तापमापी दोन्हींकडे हवाच. पाच मिनिटांनी खाण्याच्या सोड्याने आम्ल उदासीन करून दोन्ही नळ्यांची बेनेडिक्ट परीक्षा घ्यावी. रंग सारखाच आला, तर पेटीने नेमके काय केले हे मुलांनाच सांगू द्यावे.