रवींद्र महाजनी : मराठी पडद्यावरचा देखणा नायक

रवींद्र महाजनी हे 1975 नंतरच्या दशकातले मराठी चित्रपटाचे आघाडीचे नायक. जन्म बेळगावचा. वडील ह. रा. महाजनी हे ‘लोकसत्ता’चे संपादक. घरात वृत्तपत्राचे आणि विचारांचे वातावरण असले, तरी मुलाचा ओढा अभिनयाकडे होता. मुंबईत काम मिळेपर्यंत त्यांनी टॅक्सी चालवली. दिवसभर निर्मात्यांच्या भेटी आणि रात्री टॅक्सी, असा हा क्रम काही वर्षे चालला.

मधुसूदन कालेलकर यांच्या ‘जाणता अजाणता’ या नाटकातले त्यांचे काम व्ही. शांताराम यांच्या नजरेत भरले आणि ‘झुंज’ (1975) हा चित्रपट मिळाला. त्यात रंजना त्यांच्या नायिका होत्या. पुढे ‘आराम हराम आहे’, ‘हळदी कुंकू’, ‘दुनिया करी सलाम’, ‘गोंधळात गोंधळ’, ‘लक्ष्मीची पावले’, ‘देवता’ असे चित्रपट येत गेले.

त्यांच्या आधीचा मराठी नायक मुख्यतः मातीतला होता. चंद्रकांत, सूर्यकांत आणि अरुण सरनाईक यांनी फेटा, तमाशाचा फड आणि गावचा वाडा यांना पडद्यावर वजन दिले. ‘सोंगाड्या’पासून (1971) दादा कोंडके यांनी नाडी लोंबणाऱ्या हाफ पँटीतल्या भोळसट गड्यालाच नायक केले. महाजनी या दोन्ही घराण्यांबाहेरचे. उंच, गोरे, भरदार, शर्टाची वरची बटणे उघडी ठेवून सहज उभे राहणारे. लोक त्यांना मराठीतला विनोद खन्ना म्हणत. ही तुलना प्रेमाने होई, पण तिने नुकसानही केले. चेहऱ्याचे कौतुक होत राहिले आणि अभिनयाकडे पाहायचे राहून गेले.

तो अभिनय पाहायचा तर ‘मुंबईचा फौजदार’ (1984) पाहावा. गावाकडच्या साध्या बायकोमुळे शहरात संकोचणारा पोलीस अधिकारी त्यांनी रंगवला आहे. हशा मिळवायचे काम रंजनांकडे आहे. महाजनींच्या वाट्याला फक्त अवघडलेपण. हे देखणे शरीर तिथे आखडते आणि नजर चोरते. समुद्रकिनाऱ्यावरच्या युगुलगीतात तोच माणूस मोकळा होतो. हात-पाय नाचवण्याची त्याला गरज पडत नाही, चालण्यातच लय आहे. ‘गोंधळात गोंधळ’मध्ये अशोक सराफ यांच्या धमालीसमोर स्थिर राहण्याचे कामही त्यांनी नेटके केले. विनोदी चित्रपटात अशा स्थिर माणसाचे काम सर्वांत अवघड असते आणि त्याला दाद सर्वांत कमी मिळते.

मराठी चित्रपटाला हा नायक मिळाला, पण त्याच्यासाठी कथा लिहिल्या गेल्या नाहीत, ही त्या काळाची मोठी उणीव आहे. करमणूक कर परतीच्या योजनेने सत्तरच्या दशकात निर्मितीला बळ मिळाले खरे. पण खर्च आखडता आणि विषय ठरलेले, सोशीक सून, त्यागी दीर, तुटलेले कुटुंब. अशा चौकटीत नायक उमदा दिसला की भागत असे. मग ‘धुमधडाका’ (1985) हा विनोदी चित्रपट आला, त्यापाठोपाठ ‘अशी ही बनवाबनवी’ (1988). लक्ष्मीकांत बेर्डे आणि अशोक सराफ यांच्याभोवती सगळा धंदा फिरू लागला. 1987च्या अपघाताने रंजनांची कारकीर्दही थांबली. रोमँटिक नायकाची जागा उरली नाही.

महाजनींनी 1997 मध्ये ‘सत्तेसाठी काहीही’ हा चित्रपट स्वतः काढला, पण पूर्वीचे दिवस परतले नाहीत. 2015 मध्ये ते पुन्हा पडद्यावर आले. मुलगा गश्मीर तोवर नायक झाला होता. आशुतोष गोवारीकरांच्या ‘पानिपत’मध्ये (2019) महाजनी मल्हारराव होळकर झाले, तर गश्मीर जनकोजी शिंदे. वय झालेल्या त्या सरदाराच्या देहबोलीत जुना रुबाब होता. अशा भूमिका त्यांना पंधरा-वीस वर्षे आधी मिळायला हव्या होत्या.

अखेरच्या काळात ते मावळात, तळेगाव दाभाडेजवळच्या आंबी गावात भाड्याच्या सदनिकेत एकटे राहत होते. 14 जुलै 2023 रोजी तिथेच ते मृतावस्थेत आढळले. पुढच्या वर्षी पत्नी माधवी महाजनी यांचे ‘चौथा अंक’ हे आत्मकथन प्रसिद्ध झाले. पडद्यावर कधीच न दिसलेला महाजनी त्यात भेटतो.