नकुलपित्याचे गाऱ्हाणे : एका सुत्ताच्या अपुऱ्या वाचनाविषयी

वार्धक्य आणि मनःस्वास्थ्य या विषयावर आपल्या व्यासपीठांवरून जेव्हा जेव्हा बोलले जाते, तेव्हा संयुत्तनिकायाच्या खन्धवग्गातील पहिल्याच सुत्ताचा, म्हणजे नकुलपितुसुत्ताचा, दाखला हमखास दिला जातो. काया आतुर झाली तरी चित्त आतुर होऊ न देण्याचा अभ्यास करावा, हा भगवंतांचा उपदेश वक्ते सांगतात आणि समोर बसलेल्या वृद्ध उपासक-उपासिकांना ‘मन प्रसन्न ठेवा’ असा सल्ला देऊन मोकळे होतात. मात्र हा अर्थ सुत्ताच्या एका वाक्यावरून काढलेला आहे. त्या वाक्याच्या आधी काय घडते आणि नंतर काय घडते, याकडे दुर्लक्ष झाले आहे.

प्रसंग भग्ग जनपदातील सुंसुमारगिरीजवळच्या भेसकळावनातला. नकुलपिता गृहपती भगवंतांपाशी येऊन आपली अवस्था निवेदन करतो. आपण जीर्ण झालो आहोत, वय उलटले आहे, शरीर रोगी आहे, दुखणी पाठ सोडत नाहीत. इथपर्यंत सारे वाचतात. त्यापुढे तो स्वतःविषयी ‘अनिच्चदस्सावी’ हा शब्द वापरतो. एम. ए.च्या वर्गात या शब्दावर विद्यार्थी ठरल्याप्रमाणे घसरतात. ‘अनिच्च’ दिसले की त्यांना अनित्यता आठवते आणि नकुलपिता एकदम विपश्यी साधक होऊन बसतो. वस्तुतः येथे अर्थ साधा आहे : ज्याला नेहमी दर्शन घडत नाही असा. हवे तेव्हा येणे आता झेपत नसल्यामुळे भगवंतांची व आदरणीय भिक्खूंची भेट क्वचितच होते, हे त्याचे गाऱ्हाणे आहे. अट्ठकथाही हाच अर्थ देते. पण तिचा खरा रस नकुलपिता पूर्वीच्या पाचशे जन्मांत बोधिसत्त्वाचा पिता होता या कथेत आहे. एका म्हाताऱ्या माणसाचे एकटेपण त्या पाचशे जन्मांखाली दबून गेले आहे.

म्हणजे शरीराच्या दुखण्याबरोबरच, त्याच श्वासात, तो आपल्या तुटलेपणाविषयी बोलत आहे. त्यावर भगवान त्याची समजूत घालण्यासाठी ‘तसे काही नाही’ असे म्हणत नाहीत. उलट, ‘खरेच आहे’ म्हणून त्याचे म्हणणे मान्य करतात आणि मगच उपदेश करतात.

तेथून उठून नकुलपिता सारिपुत्त थेरांकडे जातो. त्याची इंद्रिये प्रसन्न आणि मुखवर्ण उजळलेला दिसल्यामुळे थेर त्याला कारण विचारतात. तो ऐकलेला उपदेश सांगतो. परंतु काया व चित्त दोन्ही आतुर कशी होतात, आणि काया आतुर असूनही चित्त अनातुर कसे राहते, हे तू भगवंतांना पुढे विचारलेस का, असा प्रश्न आल्यावर त्याच्यापाशी उत्तर नाही. त्याने ते विचारलेलेच नव्हते. माझ्या मते सुत्ताचा सर्वांत दुर्लक्षित तपशील हाच. स्पष्टीकरण मिळण्याआधीच त्याचा चेहरा उजळला होता. त्याला भेट मिळाली होती, त्याचे ऐकून घेतले गेले होते आणि त्याला समजेल एवढा एक शब्द मिळाला होता.

त्यानंतर सारिपुत्त जे सांगतात त्यात प्रसन्न राहण्याचा सल्ला कोठेही नाही. रूप, वेदना, संज्ञा, संस्कार व विज्ञान यांना ‘मी’ किंवा ‘माझे’ म्हणून धरून बसणाऱ्याला, ते पालटताच, शोक आणि विलाप ग्रासतात; जो धरून बसत नाही त्याचेही शरीर पालटतेच, पण चित्त आतुर होत नाही. ही दृष्टी कमवावी लागते. तिचा अभाव हा वृद्धाचा दोष मानून त्याला उपदेशाने गप्प करणे हे सुत्तात बसत नाही.

आता एक अडचण. याच सुत्तात भगवान म्हणतात की हे शरीर वागवीत असताना क्षणभरही निरोगीपणाचा दावा करणे म्हणजे केवळ मूढपणा होय. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे १९२१ साली जन्मलेल्या वृद्धांचा, ते ८५ वर्षांचे असताना, अभ्यास झाला व त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत पूर्णतः रोगमुक्त असा एकही जण आढळला नाही. तरीही समवयस्कांच्या तुलनेत आपली प्रकृती चांगली, खूप चांगली किंवा उत्तम आहे, असे सुमारे ७८ टक्के वृद्धांनी सांगितले. हे सर्व मूढ मानायचे काय?

मला तसे वाटत नाही. भगवंतांचा शब्द ‘आरोग्य’ आहे, म्हणजे रोगाचा अभाव. न्यूकॅसलच्या वृद्धांनी तो दावा केला नव्हता. त्यांना प्रश्नच तुलनेचा विचारला होता, आणि त्या वयात ज्यांच्याशी तुलना करायची त्यांतील अनेक जण हयात नसतात. पालीत या दुसऱ्या जाणिवेला स्वतंत्र शब्द आहे : ‘फासु’, म्हणजे स्वस्थ वाटणे, सुसह्य असणे. महापरिनिब्बानसुत्तात बेलुवगामच्या वर्षावासातील आजारानंतर ऐंशी वर्षांचे तथागत आपले शरीर जुन्या, बांधून-आवळून चालवलेल्या गाडीसारखे झाल्याचे आनंदाला सांगतात आणि चित्ताच्या निमित्तरहित समाधीतच त्याला अधिक ‘फासु’ वाटते असे म्हणतात. हे आरोग्याचे विधान नव्हे. रोग नाकारला नाही, सुखाचे प्रदर्शन नाही; कोणत्या स्थितीत जरा बरे वाटते एवढेच सांगितले आहे.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ (१९५७) या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी वृद्ध, रोगी व मृत यांच्या दर्शनामुळे सिद्धार्थाने परिव्रज्या घेतली ही कथा नाकारली. इतक्या नित्याच्या गोष्टी एकोणतिसाव्या वर्षापर्यंत त्याच्या दृष्टीस पडल्या नसतील, हे त्यांना पटले नाही. त्या कथेत मला आणखी एक उणीव दिसते. रथातून दिसणारा वृद्ध एक शब्दही बोलत नाही. तो केवळ पाहण्याची वस्तू आहे. नकुलपिता बोलतो.

आमच्या वस्तीतील विहाराचे सभागृह पहिल्या मजल्यावर आहे. नव्वदीतील एक आजी पूर्वी दर पौर्णिमेला वंदनेला येत. आता जिना चढवत नाही. गेल्या वर्षावासात मी त्यांच्या घरी गेलो आणि, पेशामुळे जडलेल्या सवयीने, चित्ताविषयी बोलू लागलो. त्यांनी थोडा वेळ ऐकून घेतले, मग विचारले, ‘‘भाऊ, वर्षावास सुरू होऊन किती दिवस झाले? मला कुणी सांगितलंच नाही.’’