दुसरा प्रश्न

अंतोन चेखवची एक कथा आहे, जेमतेम पाच-सहा पानांची. जानेवारी १८८६ मध्ये ती 'पीटर्सबर्ग गॅझेट' या दैनिकात 'अ. चेखोंते' या टोपणनावाने छापून आली. चेखव तेव्हा नुकताच सव्वीस वर्षांचा झाला होता. दोन वर्षांपूर्वी मॉस्को विद्यापीठातून तो डॉक्टर होऊन बाहेर पडला होता आणि आई-वडील, भावंडं यांचा संसार चालवण्यासाठी विनोदी साप्ताहिकांना ओळी मोजून मजकूर पुरवत होता. मराठीत आपण या कथेला 'व्यथा' म्हणू. गोष्ट एका वाक्यात सांगता येते: पीटर्सबर्गमधल्या एका म्हाताऱ्या गाडीवानाचा मुलगा वारला आहे, ते त्याला कुणाला तरी सांगायचं आहे, ऐकून घ्यायला कुणी मिळत नाही, आणि शेवटी तो आपल्या घोडीला सांगतो. शेवट आधी कळल्याने काही बिघडत नाही. माणसाच्या स्वभावाविषयी पुस्तकांनी मला जे शिकवलं, त्यात या पाच-सहा पानांचा वाटा फार मोठा आहे, आणि दर वाचनाला तो वाढतच गेला आहे.

कथेची सुरुवात संध्याकाळची. रस्त्यावरचे दिवे नुकतेच लागले आहेत, ओलसर बर्फाचे मोठे मोठे कण छपरांवर, घोड्यांच्या पाठींवर, माणसांच्या टोप्यांवर साचत आहेत. योना पोतापोव आपल्या गाडीच्या बैठकीवर वाकून बसला आहे, अंगावर साचलेलं बर्फ झटकण्याचंही भान त्याला नाही. घोडीही तशीच पांढरी, तशीच निश्चल. योनाच्या मनात काय चाललं आहे हे चेखव इथे सांगत नाही. तो घोडीच्या मनात डोकावतो. नांगरापासून, ओळखीच्या शिवारापासून तोडून ज्याला या झगमगाटात आणि कोलाहलात आणून टाकलं, तो विचारात पडणारच, असं काहीसं तो तिच्याबद्दल म्हणतो. पहिल्या वाचनात हे वर्णन नुसतं वातावरण उभं करणारं वाटतं. पण १८६१ मध्ये रशियातली भूदासपद्धत रद्द झाल्यानंतर खेड्यांतून शेतकरी पोटासाठी मोठ्या संख्येने शहरात येऊ लागले, त्यांतले कितीतरी गाडी हाकत. योनाही खेड्यातलाच, त्याची मुलगी अनिस्या अजून तिथेच आहे. घोडीबद्दल जे सांगितलं, ते योनाबद्दलच होतं. या अवाढव्य शहरात एकाच मातीतून आलेले दोनच जीव आपल्यासमोर आहेत, हे चेखवने पहिल्याच परिच्छेदात सांगून ठेवलं आहे. म्हणूनच शेवट भावनेला हात घालण्यासाठी चिकटवल्यासारखा वाटत नाही.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एक लष्करी अधिकारी. त्याला नेवा नदीपलीकडे व्हीबोर्ग भागात जायचं आहे. योना गाडी वेडीवाकडी हाकतो, रस्त्यावरचे लोक शिव्या देतात, अधिकारी थट्टा करतो. योनाला काहीतरी बोलायचं आहे हे ओठांवरून दिसतं, पण घशातून आवाज फुटत नाही. अखेर तो कसंबसं सांगतो की या आठवड्यात आपला मुलगा वारला. आणि अधिकारी विचारतो, कशाने गेला? या प्रश्नापाशी थांबायला हवं, कारण साऱ्या कथेत योनाच्या मुलाविषयी विचारलेला हा एकच प्रश्न आहे. तो ऐकून योना अख्खं अंग वळवून मागे बघतो. ताप असावा, तीन दिवस इस्पितळात होता, मग गेला, देवाची मर्जी, एवढं तो सांगतो. तेवढ्यात अंधारातून कुणीतरी ओरडतं, गाडी वळव म्हणून. अधिकारी घाई करायला सांगतो. योना नंतरही कितीदा तरी वळून पाहतो, पण अधिकाऱ्याने डोळे मिटून घेतले आहेत.

हा अधिकारी दुष्ट नाही. रीत म्हणून जे विचारायचं ते त्याने विचारलं. पहिला प्रश्न आपण सगळेच विचारतो, तो शिष्टाचारात बसतो. योनाला आस आहे ती दुसऱ्या प्रश्नाची. शेवटी शुद्धीवर होता का? काही बोलला का? तुम्ही जवळ होतात का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देता येतं. दुसऱ्या प्रश्नासाठी विचारणाऱ्याला आपला वेळ मोडावा लागतो, पुढचं जे काही येईल ते ऐकायची तयारी ठेवावी लागते. चेखवची सारी कथा या दोन प्रश्नांमधल्या अंतरात घडते असं मला वाटतं.

पुढचं गिऱ्हाईक तीन तरुणांचं. दोघे उंच आणि किडकिडीत, तिसरा बुटका आणि पाठीला कुबड असलेला. पोलिस पुलापर्यंत वीस कोपेक देऊ म्हणतात. दर अगदीच कमी, पण योनाला आता दराचं काही वाटत नाही. गाडीत माणसं बसली म्हणजे झालं. कुबडा उभा राहतो, शिव्या देतो, मानेवर फटके मारतो. योना ते फटके सोसण्यापेक्षा ऐकतोच जास्त, आणि हसतो. मंडळी मौजेची आहेत म्हणतो. इथे चेखवने माणसाच्या एकटेपणाबद्दलची एक अवघड गोष्ट एका ओळीत सांगून टाकली आहे. शिव्या कानांवर पडतात, माणसं दिसतात, तशी योनाच्या छातीवरची एकटेपणाची पकड थोडी ढिली होते. अपमानातसुद्धा आपल्याकडे कुणाचं तरी लक्ष असतं, आणि ज्याच्याकडे कुणीच पाहत नाही त्याला तेवढंही पुरतं. हे कळल्यावर लाचारीने हसणाऱ्या माणसाला हसायचं धाडस मला होत नाही.

योना संधी साधून मुलाची गोष्ट काढतो. कुबडा खोकतो, ओठ पुसतो आणि म्हणतो की मरायचं तर आपल्या सगळ्यांनाच आहे. वाक्य खोटं नाही. ज्याच्या शरीराने त्याला जन्मभर छळलं असावं, अशा माणसाच्या तोंडी ते आलं आहे, म्हणून त्याला वजनही आहे. पण त्या क्षणी ते दार लावून घेण्याच्या कामी येतं. आपल्याकडेही 'आलेला जाणारच' हे वाक्य असंच वापरलं जातं. सगळ्यांच्या मरणाबद्दल बोललं की एका माणसाच्या मरणाबद्दल बोलायची गरज उरत नाही. योनाला सगळ्यांचं मरण नको आहे, त्याला आपल्या मुलाबद्दल, कुझ्माबद्दल बोलायचं आहे.

तिघे उतरून अंधाऱ्या फाटकात नाहीसे होतात आणि योना रस्त्यावरच्या गर्दीकडे पाहत राहतो. या हजारोंत एकही ऐकणारा नसेल का? इतका वेळ संयमाने लिहिणारा चेखव इथे, एकदाच, आवाज चढवतो. योनाची छाती फुटून दुःख बाहेर वाहू लागलं तर सारं जग बुडेल एवढं ते मोठं आहे, आणि तरी ते कुणाला दिसत नाही, कारण ते मावलं आहे एका क्षुल्लक देहात. पुढच्याच क्षणी कथा पुन्हा जमिनीवर येते. योना एका इमारतीच्या रखवालदाराला किती वाजले विचारतो. नऊ वाजून गेलेत, इथे का थांबलास, पुढे हो, असं उत्तर मिळतं. जग बुडवण्याएवढं दुःख आणि 'पुढे हो' यांच्यामध्ये चेखवने जेमतेम काही ओळी ठेवल्या आहेत.

इथवर वाचणाऱ्याला वाटू शकतं की ही गोष्ट श्रीमंतांच्या निष्ठुरपणाची आहे. तो सोपा अर्थ चेखव पुढच्या प्रसंगात काढून घेतो. योना गाडीवानांच्या मुक्कामावर परततो. भट्टीवर, जमिनीवर, बाकांवर माणसं घोरत पडली आहेत. एक तरुण गाडीवान पाणी प्यायला उठतो. योना त्याला तहान लागली का विचारतो, पाणी पिताना भलं चिंततो, आणि मग मुलाचं सांगतो. उत्तरासाठी पाहतो तर तो तरुण डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपलाही आहे. तोही त्याच धंद्यातला, तसाच गरीब, दिवसभराचा दमलेला. त्याला दोष कसा देणार? या कथेत खलनायक नाही. कुणाला घाई आहे, कुणाला मजा करायची आहे, कुणाला झोप आली आहे. ही कारणं आपल्या सगळ्यांकडे रोज असतात, म्हणून ही कथा वाचताना दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवता येत नाही. आणि ज्याच्या दुःखाची तहान कुणी ओळखली नाही, त्या योनाने मात्र त्या पोराची पाण्याची तहान ओळखली होती, हेही चेखव गाजावाजा न करता नोंदवून ठेवतो.

यानंतर येतो तो माझ्या मते कथेचा गाभा. योना मनाशी विचार करतो की हे नीट, सावकाश सांगायला हवं. मुलगा आजारी कसा पडला, त्याला किती त्रास झाला, मरण्याआधी काय म्हणाला, गेला कसा. मग अंत्यविधी. मग इस्पितळात जाऊन त्याचे कपडे घेऊन येणं. मग गावाकडच्या अनिस्याबद्दल. ऐकणाऱ्याने उसासे टाकावेत, हळहळावं. बायकांशी बोलणं तर आणखी बरं, त्या पहिल्या शब्दालाच रडू लागतात.

दुःखाला एक क्रम असतो, हे मला या यादीने शिकवलं. आपल्याकडे मौत झालेल्या घरी लोक समाचाराला जातात. घरची बाई प्रत्येक नव्या माणसाला पहिल्यापासून सगळं सांगते: सकाळी चहा घेतला, मग छातीत कळ आली म्हणाले, मग गाडी बोलावली. संध्याकाळपर्यंत तीच हकीकत दहादा सांगून होते आणि दर वेळी तिथेच हुंदका येतो. लहानपणी मला हा त्या बाईचा छळ वाटे. योनाची यादी वाचल्यावर या रीतीमागचं शहाणपण कळलं. जे एकाएकी, आपल्याला न विचारता घडलं, त्याला माणूस सांगता सांगता आधी आणि नंतर देतो, आणि तेवढ्यापुरतं ते त्याच्या हातात येतं. कपड्यांचा तपशील तर पाहा. मुलाला घेऊन गेलेला बाप त्याचे कपडे घेऊन परतला, हे सांगितल्याशिवाय योनाची हकीकत पुरी होत नाही. कुणी कितीही सहानुभूतीने 'वाईट झालं' म्हटलं, तरी ते कपडे सांगायचे राहूनच जातात.

एकटं असताना योनाला मुलाचा विचार करवत नाही. कुणाजवळ बोलता येईल, पण एकट्याने त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणणं असह्य आहे. म्हणून तो ओटचा, गवताचा, हवेचा विचार करत तबेल्यात जातो. घोडी चघळत उभी आहे. ओटपुरती कमाई झाली नाही, तर गवत खाऊ, असं तो तिला सांगतो. आपण आता म्हातारे झालो, मुलानेच गाडी हाकायला हवी होती, तो खरा गाडीवान होता. आणि मग तो तिला समजावून सांगतो की समज, तुला एक शिंगरू होतं, तू त्याची आई होतीस, आणि ते अचानक गेलं, तर तुला वाईट वाटेल ना?

संध्याकाळपासून योनाने अनेकांसमोर तेच वाक्य टाकलं होतं. घोडीपाशी पहिल्यांदाच तो ऐकणाऱ्याच्या आयुष्यात शिरतो आणि आपलं दुःख तिच्या जगातलं करून तिच्यापुढे ठेवतो. त्याच्या मनात कुणी शिरलं नाही, तो मात्र एका मुक्या जनावराच्या मनात आई होऊन शिरला. दुःखाने माणूस मऊ होतोच असं नाही. चेखवनेच पुढच्या वर्षी, १८८७ मध्ये, 'शत्रू' नावाच्या कथेत मुलगा नुकताच गेलेला डॉक्टर आणि बायकोने फसवलेला जमीनदार एकमेकांना किती क्रूर होतात ते दाखवलं. दोघेही दुःखी, आणि दोघेही बहिरे. योनाची थोरवी त्या कथेशेजारी ठेवली की नीट दिसते.

घोडीला सांगणं ही हार की सुटका, यावर वाचकांचं एकमत होणार नाही. मला इथे जात्यावरच्या ओव्या आठवतात. सासरी ज्यांना मन मोकळं करायला माणूस नव्हतं, त्या बायका पहाटे जात्यापाशी बोलल्या. जातं काही उत्तर देत नव्हतं, पण रोजच्या कष्टातलं ते सोबती होतं. योनाची घोडीही तशीच कष्टातली भागीदार आहे, आणि ती निदान त्याच्या हातांवर श्वास सोडते. त्याचं ओझं हलकं झालं यावर माझा विश्वास आहे. मात्र ते हलकं करायला माणूस लाभला नाही, ही बोच त्यामुळे कमी होत नाही. चांगली कथा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या ठेवते.

आणि शेवटच्या ओळीतलं कौशल्य तर विलक्षण आहे. योना तिला सगळं सांगतो, एवढं म्हणून कथा संपते. ते सगळं काय, हे आपल्याला कधीच ऐकायला मिळत नाही. यादीतली कलमं आपल्याजवळ आहेत, पण त्यांखालचा मजकूर नाही. कुझ्मा मरण्याआधी काय म्हणाला? तीन दिवसांत बाप त्याला भेटू शकला का? कपडे घेताना तो काय करत होता? कथा मिटल्यावर हे प्रश्न वाचकाच्या मनात आपोआप उठतात. ज्याच्यासाठी योना शहरभर फिरला तो दुसरा प्रश्न चेखवने आपल्या तोंडी आणून ठेवला आहे. योनाला तो विचारता येत नाही. पण आपल्या ओळखीत, शेजारी, कचेरीत, या आठवड्यात ज्याच्या घरी कुणी गेलं आहे, त्याला विचारता येतो. माणूस मुळात निर्दय नसतो, फक्त पहिल्या प्रश्नाशी थांबतो, असं ही कथा सांगते. त्यापुढे जाणं आपल्याला जमण्यासारखं आहे, यावरचा माझा विश्वासही याच कथेने दिला आहे.