गाडीचा वाकून नमस्कार

समीक्षा नाटकाची करावी, पुस्तकाची करावी, फार तर लग्नाच्या पंगतीतल्या मठ्ठ्याची करावी, असा आपल्याकडे दंडक आहे. मोटारीवर मत देण्याचा अधिकार एक तर मेकॅनिकला, नाही तर ज्याच्याकडे मोटार नाही अशा शेजाऱ्याला. मी दुसऱ्या वर्गात मोडतो. शिवाय मी बी. कॉम. आहे आणि वणीत एका बँकेच्या काउंटरवर बसून वीस वर्षे लोकांच्या सह्या तपासतो आहे. मूळ नमुन्यापासून जरा सरकलेली सही मला लांबून कळते. त्यामुळे शेजारच्या नानांच्या अ‍ॅम्बेसेडर इस्टेटचे नाक खाली आले आहे हे गल्लीत सर्वांत आधी माझ्या ध्यानात आले, यात नवल नाही. मी आमच्या हिच्या शिवणाच्या पेटीतली टेप नेऊन मोजले. पुरते सव्वादोन इंच!

इस्टेट म्हणजे काय, हे नव्या वाचकांना सांगायला हवे. अ‍ॅम्बेसेडरची डिकी काढून तिथपर्यंत छप्पर ताणले आणि मागे दार लावले की इस्टेट झाली. मूळ घराणे इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डचे, जन्म बंगालात उत्तरपाड्याला. 2014 च्या मे महिन्यात तिथे अ‍ॅम्बेसेडर बनणे थांबले आणि 2017 मध्ये तिचे नुसते नाव फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने ऐंशी कोटींना विकत घेतले. ऐंशी कोटी, आणि तेही नुसत्या नावाचे! आमच्याकडे नुसत्या नावावर कोणी पाच हजार देत नाही, दोन जामीनदार मागतात.

नानांची ही इस्टेट त्यांच्या वडिलांनी घेतलेली. हिशेबाने पाहिले तर घसारा काढून काढून तिची किंमत वहीत केव्हाच शून्यावर आली असणार. पण या गाडीच्या मागच्या बाजूने द्राक्षांच्या पेट्या गेल्या, टोमॅटोचे क्रेट गेले, नवऱ्या मुली गेल्या आणि रात्री-अपरात्री गल्लीतली आजारी माणसे आडवी होऊन नाशिकला गेली. माझे वडील दोनदा गेले आणि दोन्ही वेळा बसून परत आले. कोणत्याही वहीत ही जमा बाजू दिसत नाही.

नानांच्या धाकट्याने ही गाडी वाकवली. नाशिकला डिप्लोमा करून तो परत आला तेव्हा त्याच्याजवळ एक प्रमाणपत्र, एक गॉगल आणि एक शब्द होता : लूक. “काका, लूक बघा ना!” मी पाहिला. मागचा भाग होता तिथेच, पुढचा जमिनीला लागायच्या बेतात. लग्नात नवरदेव सासऱ्याच्या पाया पडायला वाकला आणि सासरेबुवा ‘आयुष्यमान भव’ म्हणायचेच विसरून जेवायला निघून गेले, तर तो बिचारा जसा दिसेल, तशी ती गाडी दिसत होती.

आता कारागिरीकडे वळू. समीक्षकाने आधी कारागिरी पाहावी, मग शिव्या द्याव्यात. अ‍ॅम्बेसेडरला पुढे गुंडाळ्यांची स्प्रिंग नाही. तिथे पोलादाची एक लांब दांडी असते, टॉर्शन बार म्हणतात तिला. दांडीचे एक टोक चाक धरणाऱ्या आर्मला, दुसरे मागे गाडीच्या सांगाड्याला पक्के. चाक खड्ड्यात गेले की दांडी धोतरासारखी पिळली जाते आणि पुन्हा सरळ होते. सगळा हिसका त्या पिळात जिरतो. गाडी खाली आणायची तर दांडीचे मागचे टोक सोडवायचे, किंचित फिरवून परत बसवायचे. कापाकापी नाही, वेल्डिंग नाही. दुसऱ्या गाड्यांत पोरे स्प्रिंगचे वेढेच कापून टाकतात. कापलेली स्प्रिंग ताठर होते आणि मन बदलले तर कापलेला तुकडा परत चिकटत नाही. धाकट्याने मोडतोड न करता काम केले आहे. या बाबतीत त्याला माझे पूर्ण गुण.

पण दांडी होती तेवढीच मऊ राहिली आणि चाकाला वर उचलायची जागा मात्र सव्वादोन इंचांनी आटली, इथे कथानक फसते. पूर्वी ज्या खड्ड्यात गाडी नुसती डुलायची, त्याच खड्ड्यात आता आर्म जाऊन रबराच्या ठोकळ्यावर आपटतो आणि आतल्या माणसाच्या दाढा एकमेकींना भेटतात. पुढच्या चाकांचे कोनही बदलतात. अलाइनमेंट पुन्हा केली नाही तर टायर एकाच कडेने झिजतात. दिव्यांचे तर विचारूच नका. उजेड रस्त्यावर पुढे पडण्याऐवजी बंपरसमोर सतरंजीसारखा पसरतो. रस्त्यावर दहा रुपयांचे नाणे पडले असेल तर सापडेल, समोरून येणारा उसाचा ट्रॅक्टर सापडणार नाही.

यावर धाकट्याचे म्हणणे असे, की मागे माल भरला की गाडीचे शेपूट बसते आणि नाक वर जाते, तेव्हा नाक आधीच खाली असलेले बरे. युक्तिवाद ऐकायला गोड आहे. पण शेपूट बसलेलेच राहते, त्याच्या जोडीला नाकही बसते आणि सबंध गाडी बसते. एका शाखेत तोटा आहे म्हणून दुसऱ्या शाखेत तेवढाच तोटा करून ताळेबंद जुळवण्यापैकी हे झाले.

गाडी वाकवण्याचे वेड मुळात अमेरिकेतले. लॉस एंजलीसकडच्या मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे ते वाढवले. गोऱ्यांची पोरे गाड्या पळवीत, तर आपण सावकाश आणि खाली, असा त्यांचा बाणा होता. 1958 मध्ये कॅलिफोर्निया सरकारने कायदा केला, की गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खाली जाता कामा नये. तेव्हा रॉन अगिरे नावाच्या गृहस्थाने 1959 मध्ये आपल्या गाडीला हायड्रॉलिक पंप बसवले. पोलीस दिसला की गाडी उभी, पोलीस गेला की गाडी बसली! आमच्या शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर आम्ही असेच करत असू. त्या गाड्यांत अभिमान होता, सांगण्यासारखे काही होते. नानांच्या इस्टेटला मात्र आपण कोणाच्या नाकावर टिच्चून वाकलो आहोत हेच ठाऊक नाही.

कायदा आपल्याकडेही आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाप्रमाणे कारखान्याच्या मूळ तपशिलाशी फारकत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि 2019 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही तेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दर बदलामागे पाच हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आले. मी हे नानांना वाचून दाखवले. नाना काही बोलले नाहीत. पोराने वडिलांच्या वडिलांची गाडी न विचारता खोलली, याचे त्यांना जे लागले होते ते कोणत्याच कलमात नव्हते. ते रोज संध्याकाळी ओट्यावर बसून गाडीकडे पाहत आणि तंबाखू जरा जास्तच मळत.

कायद्याची खरी अंमलबजावणी आमच्या गावचे गतिरोधक करतात. शास्त्राप्रमाणे गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद हवा, म्हणजे तो चढण्या-उतरण्याइतका सौम्य होतो. आमच्याकडे ज्याच्या दारावरून रस्ता जातो तो आपल्या रागाच्या प्रमाणात गतिरोधक घालतो. त्यांवरून जाताना नानांच्या गाडीच्या पोटातून जो आवाज येतो, तो ऐकून समोरचा किराणा दुकानदार शटर ओढून घेतो.

पण माझी मुख्य हरकत घाटाला आहे. नांदुरीहून सप्तशृंग गडावर दहाएक किलोमीटरची वळणे. चढताना काही नाही, भार मागे जातो. उतरताना ब्रेकवर पाय पडला की सगळा भार पुढे येतो आणि नाक आणखी दबते. आधीच दबलेल्या नाकाला दबायला जागा कुठे आहे? वळणावर खड्डा आला, आर्म ठोकळ्यावर आपटला, तर चाक रस्ता नीट धरील का? हा सवाल मी धाकट्याला केला तेव्हा त्याने पहिल्यांदा गॉगल काढला. “काका, चैत्रात मोठी आई असते गाडीत,” तो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी नाशिकला जाऊन अलाइनमेंट करून, दिवे वर उचलून आणि दांडी फिरवून एक इंच परत देऊन आला.

सगळे परत का दिले नाही, याला कारण मोठी आईच. नानांच्या या मातोश्रींना सगळी गल्ली मोठी आई म्हणते. गुडघ्यांमुळे दोन वर्षे त्या गाडीत बसल्या नव्हत्या. पाटावर उभे राहून सीटवर चढायचे त्यांना लाजिरवाणे वाटे. 2018 पासून गडावर रेल्वेसारखी ट्रॉली आहे, पायऱ्यांचा प्रश्न मिटला आहे, पण ट्रॉलीपर्यंत गाडीत बसून जायला तर हवे! नाक खाली आले त्या आठवड्यात पुढची सीटही इंच-दीड इंच खाली आली होती. मोठी आई ओट्यावरून उतरल्या, काठी टेकली आणि कोणालाही हाक न मारता जाऊन आत बसल्या. नानांची तंबाखू हातातच राहिली. एक इंच परत दिल्यावर धाकट्याने त्यांना पुन्हा बसवून पाहिले आणि त्या पुन्हा बसल्या.

चैत्रात आम्ही गडावर जाऊन आलो. गतिरोधक दिसला की धाकटा गाडी थांबवतो, नाना आणि मी खाली उतरतो, गाडी तेवढी वर येते आणि तो ती तिरकी करून अलगद पलीकडे नेतो. मोठी आई उतरत नाहीत. “माझं काय वजन आहे?” असे म्हणून त्या प्रसादाची पिशवी तेवढी खिडकीतून आमच्याकडे देतात.